सावळेरामाच्या टाकीतलं विरजण

आमच्या महाळुंगे पडवळच्या सावळेरामाला औषध अर्ध्यात भागवायची भारी हौस. डोकं दुखलं की अर्धी गोळी, उरलेली अर्धी कागदात गुंडाळून देवळीत. गाईची कास सुजली आणि जनावरांच्या डॉक्टरनं इंजेक्शनं लिहून दिली, तर कास मऊ लागताच सुई बंद. उरलेल्या बाटल्या फ्रीजच्या दारात, लोणच्याच्या बरणीशेजारी. गडी काही गरीब नव्हता. कालव्याचं पाणी, टोमॅटो, कांदा, गोठ्यात चांगल्या गाई. चिकटही म्हणता येणार नाही, कारण पाहुणा आला की ताट भरून वाढायचा. औषध भिऊन घ्यायचं असतं, एवढंच तो म्हणायचा, आणि ऐकणारे माना डोलवायचे. माणूस ठाम आवाजात बोलला की त्याचा मूर्खपणाही लोकांना अनुभव वाटतो.

गोठ्यामागं शेवग्याच्या सावलीत त्याची निळी टाकी होती. शेण, गोमूत्र, गूळ, बेसन आणि बांधावरची मूठभर माती कालवून ठेवायची, मातीतले जिवाणू त्यात वाढले की ते पाणी पिकाला सोडायचं. हे सगळेच करतात. पण बाकीचे दर खेपेला टाकी धुऊन नवी माती घालतात. सावळेराम धुवायचा नाही. तळाचं थोडं शिल्लक ठेवायचं आणि त्यावर नवीन कालवायचं, दह्याला विरजण लावतात तसं. एकच विरजण त्यानं वर्षानुवर्षं चालवलं होतं. ओतूर, आळे, कुठून कुठून लोक कॅन घेऊन यायचे. तो फुकट द्यायचा, फक्त त्याचं भाषण ऐकावं लागायचं.

भाषणात दोन गोष्टी ठरलेल्या. एक, टाकी सकाळ-संध्याकाळ ढवळायची आणि काठी उजवीकडूनच फिरवायची, उलटी फिरली की आतला जीव मरतो. दुसरी, काही वाया घालवायचं नाही. सुई दिलेल्या गाईचं दूध डेअरी घेत नाही, लोक ते उकिरड्यावर ओततात. सावळेराम ते टाकीत ओतायचा. दुधाबरोबर गाईच्या औषधाचा अंशही आत जायचा, याचा विचार त्यानं केला नव्हता आणि कुणी त्याला सांगितलंही नव्हतं.

ढवळायचं काम अर्थात त्याचं नव्हतं. ते साळुबाईचं, त्याच्या बायकोचं. तिला साखरेचा आजार होता, खरचटलेलं लवकर भरून यायचं नाही. पण हात असा चालायचा की बघत राहावं. टोमॅटोचं झाड तारेला सुतळीनं बांधताना इतर बायका एक गाठ मारीपर्यंत तिच्या दोन मारून व्हायच्या. बांधणीच्या दिवसांत तिला शेजारच्या रानांतून बोलावणं यायचं, पैशासाठी नाही, सावडीनं, म्हणजे कामाच्या बदल्यात काम. ती पदर खोचून जायची आणि सगळ्यांच्या पुढची ओळ धरायची. घरात तिचं कुणी ऐकत नव्हतं. रानात तिच्या उजव्या हाताला मान होता, तेवढाच तिचा स्वतःचा होता.

त्यांची पोरगी प्राची ओतूरला खोली घेऊन एम.एस्सी. करत होती. तिचा प्रकल्प मातीतल्या जिवाणूंवरच होता. औषधाची मात्रा अगदी कमी ठेवली तर त्यांची वाढ कशी होते, हे ती बघत होती. नमुन्यासाठी लांब कशाला जायचं म्हणून तिनं घरच्या टाकीतली बाटली भरून नेली, आणि प्रयोगशाळेत जे दिसलं त्यानं ती घाबरून गेली. पुढच्या सुट्टीला दोन काचेच्या नळ्या ओढणीत गुंडाळून ती एस.टी.नं घरी आली. बापाला भीती घालायची, एवढंच तिच्या मनात होतं.

ओट्यावर बसून तिनं नळ्या पुढं धरल्या. "दादा, या नळीत जिवाणूंचं नुसतं खाणं आहे. या दुसरीत खाण्याबरोबर आपल्या गाईचं औषध आहे, अगदी किंचित. दोन्हींत तुमच्या टाकीतला एकेक थेंब टाकला होता."

पहिली नळी जराशी धुरकट होती. दुसरी ताकासारखी गढूळ.

"हिच्यात जास्ती वाढल्यात," सावळेराम म्हणाला.

"तेच सांगतेय. औषध पुरेसं असतं तर मेले असते. तुमच्या टाकीत ते थोडं थोडं जातं. दुबळे मरतात, ज्यांना सोसतं ते उरतात, आणि मोकळ्या जागेत तेच वाढतात. त्यांचंच तुम्ही विरजण लावता. परत थोडं औषध, परत विरजण. आता त्यातल्या काहींना ते औषध बाधत नाहीच, उलट जराशानं वाढ जोरात होते. उद्या हा जंतू कुणाच्या जखमेत गेला तर डॉक्टरनं द्यायचं काय? टाकी रिकामी करा दादा, आणि विरजण कुणाला देऊ नका."

सावळेरामानं गढूळ नळी उन्हात धरली, बराच वेळ फिरवून बघितली. त्याच्या तोंडावर भीती आली नाही. आनंद आला.

"म्हंजे औषधानं जोर येतो."

"दादा, मी काय म्हणतेय."

"ऐकलं की. थोडं टाकलं की वाढ जास्ती. डोळ्यानं दिसतंय ना."

साळुबाई दारात उभी होती. "आवं, पोरगी ते वंगाळ हाय म्हणतीय," ती म्हणाली.

"तू भाकरी बघ," सावळेराम म्हणाला.

दुसऱ्या दिवशी फ्रीजच्या दारातल्या बाटल्या निघाल्या. आतापर्यंत दुधातून नकळत जात होतं ते तो टोपणानं मोजून टाकू लागला, प्रत्येक विरजणाला टोपणभर. वास बदलला, फेस जोरात यायला लागला, आणि सावळेरामाची छाती फुगली. आलेल्या प्रत्येकाला तो सांगू लागला, "आमच्या पोरीनं कॉलेजात शिद्ध केलंय. शास्त्रीय हाय ह्ये." पोरीनं जे करू नका म्हणून सांगितलं, ते तिच्याच नावावर गावोगाव गेलं. ज्याला ऐकायचंच नसतं त्याला पुरावा दाखवू नये, तो पुरावाच खिशात घालतो. हे प्राचीला कळायला उशीर झाला.

टोमॅटोच्या बांधणीच्या दिवसांत सावळेरामाच्या रानात शिवार फेरी ठरली. आळ्याचा सोपान, टोमॅटोवाला मोठा बागाईतदार, टेम्पो भरून माणसं घेऊन आला. सगळ्यांच्या हातात रिकामे कॅन. कळल्यावर प्राची कॉलेज बुडवून आली. बापाचं भाषण रंगात आलं असताना ती उभी राहिली आणि तिनं सरळ सांगितलं, हे घेऊ नका, यात औषधाला दाद न देणारे जंतू वाढलेत, हाताला जखम असेल तर टाकीजवळही जाऊ नका.

सोपान म्हणाला, "ताई, पर तुमीच शिद्ध केलं आसं सावळेरामभाऊ म्हणत्यात."

"मी उलटं सांगितलं होतं."

दोघं-चौघं हसले. सावळेराम चिडला नाही. तो कधीच चिडायचा नाही, आणि त्याच्याबद्दल खरी भीती वाटायची ती त्याचीच. चिडलेला माणूस निदान थांबतो तरी. त्यानं हसत हसत बायकोला हाक मारली. "ए, हिकडं ये. टाकीत हात घाल."

साळुबाई पुढं आली. सकाळीच बांधताना तारेनं तिचं बोट कापलं होतं, त्यावर चिंधी बांधलेली होती. "आवं, बोट कापलंय," ती हळूच म्हणाली.

"म्हणून तर म्हणतोय. कापल्या बोटानं घाल. बघू दे लोकांना."

प्राचीनं आईचं मनगट धरलं. "आई, नको."

साळुबाईनं लोकांकडं बघितलं, नवऱ्याकडं बघितलं, मग पोरीकडं. टेम्पोभर परक्या पुरुषांसमोर बाप-लेकीचं भांडण उभं राहिलं होतं आणि ते मिटवणं तिच्या हातात होतं. आयुष्यभर तिनं हेच केलं होतं. तिनं प्राचीची बोटं एकेक करून सोडवली. चिंधी घाण होऊ नये म्हणून सोडून कमरेला खोचली आणि उजवा हात कोपरापर्यंत टाकीत घातला.

"ऱ्हाऊ दे थोडा येळ," सावळेराम म्हणाला, आणि लोकांकडं तोंड करून पुन्हा बोलू लागला. मातीचं बोलला, शहरी औषधांचं बोलला, शिकलेल्या पोरांच्या भित्रेपणाचं बोलला. तोवर बाई तशीच वाकून उभी. कुणी म्हणालं नाही की काढू द्या. भाषण संपल्यावर तो म्हणाला, "काढ आता." टाळ्या पडल्या, आणि माणसांनी कॅन भरून घेतले.

बोट सुजलं. मग तळवा. सावळेरामानं देवळीतली अर्धी गोळी दिली, पुढच्या दिवशी दुसरी अर्धी. मनगट लाल होऊन तापानं बाई बरळायला लागली, तेव्हा प्राची ओतूरहून गाडी करून आली आणि आईला दवाखान्यात घातलं. नेहमीचं औषध चालू झालं, सूज हटेना. तेव्हा तिनं डॉक्टरांना सगळं सांगितलं, टाकी, दूध, टोपण आणि फ्रीजमधल्या बाटल्या. डॉक्टर ऐकून घेणारे होते. त्यांनी जखमेतला पू तपासून घेतला. ज्या औषधावर टाकीतला जंतू पोसला होता, त्या औषधानं त्याचं काहीच वाकडं होत नव्हतं. त्या औषधाच्या जातीतल्या बाकीच्या औषधांनाही तो जुमानत नव्हता. एकच औषध अजून चालत होतं.

"हे शेवटचं," डॉक्टर म्हणाले. सावळेरामही तिथंच उभा होता. "हे पूर्ण द्यायचं. बरं वाटलं तरी पूर्ण. मध्येच सोडलं तर उरलेले जंतू उसळतील, आणि मग हात ठेवता येणार नाही. साखर आहे त्यांना, लक्षात घ्या."

औषध लागू पडलं. ताप उतरला, बोटांना सुरकुत्या दिसायला लागल्या. साळुबाई चादरीचा सुटलेला दोरा चिमटीत धरून गाठ मारून बघायची. पहिल्या दिवशी जमली नाही. मग एकदा जमली, तेव्हा तिनं ती गाठ प्राचीला बोलावून दाखवली. प्राची रडली. तिला तोंडी परीक्षेला ओतूरला जायचं होतं. जाताना तिनं बापाला बाजूला घेतलं. "डॉक्टर सोडत नाहीत तोवर आईला हलवू नका. मी तुमच्या पाया पडते, दादा."

"तू जा निवांत. मी काय वैरी हाय का तिचा," सावळेराम म्हणाला.

वैरी नव्हताच तो. वैऱ्यापासून माणूस सावध तरी राहतो. प्राचीची एस.टी. गेली आणि त्यानं बायकोचा हात उलटा-सुलटा करून बघितला. सूज उतरली होती. औषध निम्मं झालं होतं. निम्म्यात काम झालं की उरलेलं घ्यायचं नाही, हा त्याचा आयुष्यभराचा नियम, आणि तो त्यानं गाईला लावला तसा बायकोला लावला. डॉक्टर त्याच्याशी भांडले. त्यानं आमच्या जबाबदारीवर नेतो म्हणून सही ठोकली. साळुबाई म्हणाली, "आवं, ऱ्हाते की मी, पोरगी म्हणलीय." तो म्हणाला, "तिकडं गोठ्यात कोण मरंल?" उरलेली इंजेक्शनं मात्र त्यानं मागून घेतली. घरी आल्यावर ती फ्रीजच्या दारात गेली, लोणच्याच्या बरणीशेजारी.

प्राचीनं फोन केला की तो म्हणायचा, "झोपलीय आई." एकदा त्यानं फोन साळुबाईच्या कानाला लावला आणि स्वतः समोर उभा राहिला. "बरी हाय मी," ती म्हणाली. हात तेव्हा पुन्हा ठणकत होता.

तोंडी परीक्षेत प्राचीचं कौतुक झालं. बाहेरून आलेले परीक्षक म्हणाले, कमी मात्रेत इतकी स्पष्ट वाढ क्वचित बघायला मिळते, नमुना कुठला घेतला. प्राची म्हणाली, आमच्या घरचा. पेढे घेऊन ती थेट दवाखान्यात गेली. आईच्या खाटेवर दुसरीच बाई होती.

घरी साळुबाई आतल्या खोलीत भिंतीला टेकून बसली होती. बोटं काळी पडली होती, आणि त्या खोलीत नाकाला पदर लावल्याशिवाय बसवत नव्हतं. प्राचीनं फ्रीज उघडला. बाटल्या नीट ओळीनं उभ्या होत्या. ती त्या घेऊन धावली, आईला पुन्हा दवाखान्यात घातलं, पण आता ते शेवटचं औषधही पाण्यासारखं होतं. कोपराच्या खालून हात काढावा लागला. सावळेराम बाहेर बाकावर बसून भेटायला आलेल्यांना सांगत होता, "आवशदंच बोगस निघाल्यात सगळी. आमच्या काळात आसं नव्हतं." लोक माना डोलवत होते.

घरी आल्यावर साळुबाई फार बोलायची नाही. बांधणी संपत आली होती, बोलवायला कुणी आलं नाही. आल्या त्या बघायला आल्या. त्या गेल्यावर ती थोटा हात पदराखाली घेऊन बसायची. प्राचीला तिचं तोंड बघवत नव्हतं. बापाचा तिला इतका राग होता की त्याच्या ताटाला हात लावायलाही तिला किळस यायची.

एके सकाळी प्राचीनं ब्लिचिंग पावडरची गोणी आणली, ग्रामपंचायत विहिरीत टाकते तसली. ती टाकीकडं ओढत नेताना साळुबाई मागून आली. "हिकडं दे. मी टाकते."

"आई, राहू दे."

"दे म्हणलं ना." तिनं गोणी टाकीच्या काठाला टेकवली, खालून गुडघा लावला, डाव्या हातानं तोंड धरलं. "अर्ध्यात भागंल का गं?"

"नाही आई. सगळी."

"मंग सगळी."

गोणी रिकामी झाली. टाकी फसफसली, पांढरी झाली, दोघींच्या डोळ्यांची आग झाली. तोंडाला पदर आणि ओढणी लावून दोघी मागं सरल्या, आणि साळुबाई हसली. दवाखान्यातल्या त्या गाठीनंतर पहिल्यांदाच. प्राचीनं तिला मिठी मारली. "चल माझ्याबरोबर ओतूरला. खोली लहान आहे, पण चल." साळुबाई नाही म्हणाली नाही.

सावळेराम गोठ्याच्या खांबाला टेकून सगळं बघत होता. त्यानं आरडाओरडा केला नाही. फसफस थांबेपर्यंत उभा राहिला. "झालं तुमचं?" त्यानं विचारलं. मग खुंटीवरचा कॅन काढला आणि मोटारसायकलला अडकवला.

"कुठं निघाला?" प्राची म्हणाली.

"आळ्याला. सोपानकडं. त्यानं लई चांगलं ठेवलंय म्हणं, मी सांगितलं तसं टोपण टाकून. त्याच्याकडनं अजून धा जणांनी नेलंय. विरजणाला काय, शेजारी हाय तवर काय कमी?"

प्राचीनं रिकाम्या गोणीकडं बघितलं. एक टाकी मारून काही होणार नव्हतं. ते घरोघर गेलं होतं, तिच्या नावानं.

संध्याकाळच्या आत तो परत आला. टाकी त्यानं स्वतः घासली, विहिरीच्या पाण्यानं पुन्हा पुन्हा धुतली. इतकं काम त्याला करताना गावानं कधी बघितलं नव्हतं. शेण, गोमूत्र, गूळ, बेसन, आणि वरून सोपानचा कॅन.

सकाळी मायलेकी निघाल्या. प्राचीच्या खांद्याला पिशवी होती, साळुबाईनं लुगडं बदललं होतं, चपला घातल्या होत्या. एस.टी.ची वेळ झाली होती. दोघी ओट्यावरून उतरल्या तेव्हा गोठ्यामागून हाक आली, रोजची, रोजच्याच आवाजातली. "ए, ढवळायचं ऱ्हायलंय."

साळुबाई थांबली.

"आई, चल," प्राची म्हणाली.

"आलेच," साळुबाई म्हणाली. कुणाला म्हणाली ते कळलं नाही, पण पाय गोठ्याकडं वळले होते. प्राचीनं पदर धरला, तो हातातून निसटला. टाकीजवळ सावळेरामानं काठी पुढं केली. आधी साळुबाईचा नसलेला उजवा हात पुढं आला. मग डावा. काठी टाकीत उतरली आणि जड जड फिरू लागली.

सावळेराम वाकून बघत होता.

"उलटं फिरतंय," तो म्हणाला. "उजवीकडनं फिरव."

साळुबाईनं काठी थांबवली, आणि उजवीकडून फिरवायला लागली.